दोन बोटं तळ

जहाज खडकावर चढलं किंवा दुसऱ्या जहाजाला धडकलं, तर त्याचा पत्रा किती चेपेल आणि कुठवर फाटेल, हे आधीच काढून ठेवणं माझं काम. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील वैनगंगेवर लोकांना पार नेत, आणि आजूबाजूच्या गावांना अख्ख्या खोडातून डोंगेही तेच कोरून देत. कॉलेजला निघालो, तेव्हा ब्रह्मपुरीच्या जीपपर्यंत मला त्यांच्याच डोंग्याने पोचवलं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत आलो, तेव्हा ते स्वतःसाठी नवा डोंगा कोरत होते. कडा पातळ, तळ मात्र चार बोटं जाड. मी वहीत आकडेमोड केली.

"बाबा, तळ इतका जाड काऊन ठेवता? दोन बोटं पुरते. हलका होईल, वल्हवाले सोपा."

"अन् नदीतल्या गोट्यायले काय सांगू? इंजिनिअर आला, बाजूले सरका?"

मदतीला आलेले शेजारी खो खो हसले. मी चिडलो. शेजारी गेल्यावर वडिलांनी वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली. त्यांना वाचता येत नव्हतं. मग वासला उचलला आणि तळ तासायला घेतला.

वजन आणि तरंगणं आम्हाला दुसऱ्या वर्षाला होतं. आपटणं चौथ्या वर्षाला आलं.

पावसाळा सरून पाणी उतरलं, आणि डोंगा गोट्यावर चढून लांबीभर चिरला. आत शेजारची काकू होती. वडिलांनी तिला ओढत काठाला आणलं. गावाने विचारलं, तर म्हणाले, "खोड किडकं निंगालं."

ज्याला खोडाची पारख नाही, त्याच्याकडून डोंगा कोण करून घेणार? पुन्हा कोणी आलं नाही. होस्टेलवर घरून फोन आला तेव्हा मी सगळं ऐकलं, फोन ठेवला आणि अभ्यासाला बसलो.

यंदा दिवाळीला गेलो. तो डोंगा घरामागे पडलेला आहे, त्यात कोंबड्या बसतात. मी चिरेवरून हात फिरवला. लाकूड अजून टणक, किडीचं एक भोक नाही.

"तपासून राह्यला का?" मागून वडील.

"खोड चांगलं होतं, बाबा. मी सांगतो गावात."

"मले का माहीत नाई? कोणाले सांगू नको. तुले पाहून लोक पोरं शिकाले धाडते आता. चाल, जेव."

मी जेवायला बसलो. गावात अजून कोणालाच सांगितलेलं नाही.