रश्मीची विमानं बंद होती तेव्हा

घरातल्या एकाची नोकरी गेली का किस्से लवकर जमतात, कारण माणूस दिवसभर घरीच असते. आमची नात रश्मी विमानात एअर होस्टेस. कोरोनात विमानं बंद पडली, कंपनीनं तिले घरी पाठवलं. "पुढं बोलावलं तर पुन्हा इंटरव्ह्यू," एवढंच सांगितलं. पोरगी बॅग घेऊन भिलाईच्या क्वार्टरमध्ये आली.

*

शेजारचे वानखेडेभाऊजी स्टील प्लांटमध्ये भट्टीवर होते. रिटायर झाले, पण संध्याकाळी फाटकावर उभं राहून साऱ्या दुनियेच्या विमान कंपन्यांचं भविष्य सांगत.

"वहिनी, भट्टी एकदा थंडी पडली का पेटवणं सोपं नसते. विमानाचं बी तेच. खलास."

रश्मी आतून म्हणे, "काका, उभ्या विमानाची चाकं फिरवत राहतात. नाही तर टायर बसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी बंद स्कूटर ढकलत गल्लीत वर-खाली करून राहिले होते.

"कुठं चालले, भाऊजी?"

"कुठंच नाही. मेंटेनन्स हाय."

*

दुर्गहून एक स्थळ पुन्हा आलं. हेच लोक आधी म्हणत, पोरगी उडत राहते. आता म्हणे, पोरगी घरी बसून हाय.

मी म्हटलं, "मंग तुमाले पाहिजे कशी? उभी?"

चहा अर्धा टाकून गेले.

*

मंग विमानं सुरू झाली अन् रश्मीले इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. रोज दुपारी खुर्च्या रांगेनं मांडून प्रॅक्टिस.

"आजी, तू खराब पॅसेंजर हो. माझं काही ऐकायचं नाही."

हे काम मले जमलं. ओढणीचा बेल्ट मी बांधेना, पिशवी मांडीवरून सोडेना. वरून म्हणायची, "तुह्या साहेबाले बोलाव." चौथ्या दिवशी पोरगी रडली.

सून म्हणाली, "आई, थोडं तर ऐका तिचं."

"मी ऐकलं तर तिची नोकरी जाईल."

*

नोकरी लागली. वानखेडेभाऊजी पेढा खाऊन म्हणे, "मी तर पहिलेच म्हटलं होतं."

मंग ते पोराकडं बंगलोरले जायचं तिकीट पाहायले बसले अन् तसेच उठून आमच्याकडं आले. रश्मीले फोन लावला. "एवढं महाग कावून?"

"काका, लोकं वापस आले, विमानं सारी नाही आली. कित्येकांचे पार्टच मिळून नाही राहिले."

"म्हणजे माह्या स्कूटरसारखंच," भाऊजी म्हणे, अन् रेल्वेनं गेले.

*

मागच्या थंडीत रायपूरहून मी पहिल्यांदा विमानात बसली. ड्यूटीवर रश्मीच. दारात हात जोडून मले बी म्हणे, "वेलकम, मॅडम." ओळख दाखवली नाही. मागं एक बाई रश्मीकडं पाहून कागदावर लिहून राहिली होती. मी समजली, परीक्षा हाय.

पिशवी मांडीवर घट्ट धरली. बेल्ट बांधला नाही. रश्मी तीनदा येऊन गेली, "मॅडम, प्लीज." तिसऱ्यांदा मी मोठ्यानं म्हटलं, "तुह्या साहेबाले बोलाव."

चौथ्यांदा ती वाकली. चेहऱ्यावरचं हसू तसंच, अन् माह्या कानात म्हणे,

"आजी, मी पास झाली हाय. आता बेल्ट बांध."