मावशीला सगळं दिसतं

माझ्या थोरल्या मावशीइतकं ठामपणे न दिसणाऱ्या वस्तू पाहणारं माणूस अख्ख्या जोगेश्वरीत दुसरं नव्हतं. रंगीत टीव्ही तेव्हा नुकते घरोघरी येऊ लागले होते. आमचा अजून कृष्णधवलच होता, पण बातम्या देणाऱ्या बाईची हिरवी साडी मावशीला भारी आवडायची. पुतणीच्या लग्नाचा अल्बम तिने उलटा धरून पाहिला आणि नवऱ्याच्या नाकाची तारीफ केली. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या शर्टाला एकदा 'जेवून जा रे' म्हणाली, आणि शर्टाने उत्तर दिलं नाही म्हणून माझ्यावर रुसली. चष्म्याचं नाव काढलं की उसळायची, "माका सगळा दिसता, मेल्या!" बाजारात मात्र बांगडा एकदा तिच्या हातात गेला की तिला फसवायची कोळणींची छाती नव्हती.

आम्ही हसायचो. मग एक दिवस बडोद्याहून तिचा मुलगा न कळवता आला आणि गंमत म्हणून दारात गप्प उभा राहिला. मावशी म्हणाली, "रिकामा सिलिंडर मोरीकडे हा, घेऊन जा." त्याचा चेहरा पडला. "वाट लागली रे," तो मला म्हणाला, "आई मला ओळखत नाही. डोकं गेलं तिचं. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं, तर तिची इथली खोली विकायची आणि तिला घेऊन जायचं." त्या खोलीशिवाय मावशी कशी जगेल, या विचाराने मला धड जेवण जाईना.

अंधेरीच्या डॉक्टरांनी तिच्यापुढे चित्रं धरली. छत्रीला ती बेधडक कोयता म्हणाली, सशाला तांब्या. घड्याळ काढायला सांगितलं तर सगळे आकडे गोलाच्या बाहेर सांडले. डॉक्टर गंभीर होत चालले. तेवढ्यात मला तो उलटा अल्बम आठवला. मी न राहवून म्हणालो, "डॉक्टर, तिला दाखवू नका. नुसतं तोंडी विचारा."

त्यांनी काही शब्द म्हटले. मावशीने ते ओळीने परत म्हटले, मग उलटे म्हटले, वर सुनावलं, "आवाज बसलो हा तुमचो. आल्याचो काढो घेवा." डॉक्टर हसले. "डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून घ्या." मुलाने तिथेच डोळे पुसले. खोली वाचली होती.

मला वाटलं, मावशी आता आमची खिल्ली उडवील. पण मुलगा रिक्षा बघायला गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "वेडी म्हटल्यानी असता तरी चालला असता रे. वेडीक लोक निदान भियातत. आंधळीक कोपऱ्यात बसवतत. माझ्या आयेक बसवलेला." आमची आजी गावच्या घरात शेवटची कित्येक वर्षं तशीच भिंतीशी बसून होती, हे मला ठाऊक होतं. तिच्याशी कोणी बोलत नसे, मीसुद्धा नाही.

रस्ता ओलांडताना मी मावशीचा हात धरला. एरवी ती झटकायची. त्या दिवशी तिने माझी बोटं घट्ट पकडली आणि कुजबुजली, "गाडी येता काय रे? माका दिसना नाय."