पोनिराची बदकं

कालीदुरेन गावात कोणाकडे कार्य निघालं की आधी चौकशी व्हायची ती बू मुर्सियांची. त्या मोकळ्या नसतील तर मुहूर्त पुढे ढकलायचा. कारण शंभर पानांचा भात नुसत्या वासावर उतरवणारी दुसरी बाई त्या डोंगरउतारावर नव्हती. सगळा गाव त्यांना ‘बू’ म्हणायचा. बू म्हणजे आई. आईसारखंच त्या सगळ्यांना पोटभर वाढायच्या आणि आईसारखंच सगळ्यांचं उणंदुणंही काढायच्या. दोन्ही कामं एकाच वेळी, हातात एकच डाव.

त्यांचे यजमान हार्जो गल्लीचे प्रमुख होते. त्यांचा कशालाच आक्षेप नसायचा, म्हणूनच गावानं त्यांना प्रमुख केलं होतं. पण ‘माझी गल्ली’ म्हणायच्या त्या बू मुर्सिया. “माझ्या गल्लीत कोणी उपाशी निजत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रत्येक कार्यात, भाताचं झाकण काढता काढता, वाफेबरोबर हे वाक्यही बाहेर पडायचं. आणि ते खोटं आहे असं कोणी म्हणालं असतं, तर बाईंनी त्याला आधी जेवायला घातलं असतं आणि मग झोडपलं असतं.

सरकारी मदतीचा तांदूळ महिन्याच्या महिन्याला त्यांच्याच ओसरीवर उतरायचा. गल्लीतल्या गरीब घरांना तो मापून द्यायचं काम बाईंकडे. मापताना सांडेल तो तांदूळ त्यांच्या कोंबड्यांचा, हे कोणी ठरवलेलं नव्हतं, पण कोंबड्यांनी मान्य केलेलं होतं.

चुलीपाशी बायका जमल्या की याच घरांचा विषय निघायचा.

“पोनिराच्या पोरीच्या पायात नव्या चपला पाहिल्या मी.”

“नव्या? आणि तांदूळ सरकारचा?”

“परवा तर त्यांच्याकडून मासळी तळल्याचा वास येत होता, बू.”

“गरिबानं वास तरी बेतानं काढावा,” बू म्हणाल्या, आणि बायका हसून हसून कढईत पडायच्या बाकी राहिल्या.

पोनिराचा नवरा तुगिमान नारळाच्या झाडावर चढून रस काढायचा. त्या रसाचा गूळ पोनिरा करायची. एका सकाळी झाड ओलं होतं, हात सुटला आणि कंबर गेली. तेव्हापासून तो दारातल्या बाकावर बसून बांबूच्या कोंबडझाकण्या विणायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करायचा. बू मुर्सियांच्या कोंबड्या रात्री निजायच्या त्या त्यानंच विणलेल्या झाकण्यांखाली. घरात खाणारी तोंडं तीन: तो, पोनिरा आणि दहा वर्षांची विजी.

तालुक्याच्या कचेरीतून हुकूम आला, की मदत घेणाऱ्या प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर तसं रंगवायचं. हेतू असा, की ज्यांना गरज नाही त्यांना लाज वाटेल आणि ते आपणहून नाव काढतील. हार्जोंचा आक्षेप नव्हताच. पण बू मुर्सियांचा तर पाठिंबा होता.

“लाज ही काढ्यासारखी असते,” त्यांनी बायकांना समजावलं. “कडू लागते, पण लागू पडते.”

रंगवणारी दोन माणसं आली. पत्र्यात अक्षरं कापलेली होती. पत्रा भिंतीला लावायचा आणि वरून लाल रंग फवारायचा. बाईंनी त्यांना गोड चहा दिला, तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, मऊ गरम भजी आणि दोन दोन हिरव्या मिरच्या दिल्या, आणि स्वतः पुढे होऊन घरं दाखवली. माणसं खाऊन खूश होती, त्यामुळे अक्षरंही जरा मोठीच उठली: ‘गरीब कुटुंब. सरकारी मदत घेते.’

पोनिराच्या भिंतीवर पत्रा लागला तेव्हा ती दारात ओचा सावरत उभी होती.

“जरा बाजूला होता का, ताई? अंगावर रंग उडेल.”

“उडू द्या की,” बाकावरून तुगिमान म्हणाला. “भिंतीपेक्षा गरीब तीच आहे.”

माणसं हसली. बू मुर्सियाही हसल्या. पोनिरा तेवढी हसली नाही. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. भरदिवसा दार लावायची पद्धत त्या गल्लीत नव्हती. फक्त बाळंतपण असलं की लावत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हार्जोंकडे आली. बसली नाही.

“आमचं नाव काढा. आमचं भागतं.”

हार्जोंचा आक्षेप नव्हता. संध्याकाळी पोनिरानं चुन्याचं मडकं आणलं आणि भिंत पांढरी केली.

“बघितलंत?” बू मुर्सिया चुलीपाशी म्हणाल्या. त्या दिवशी त्यांच्या हातचा रस्साही जरा तिखटच झाला होता. “भागत होतंच की! इतके दिवस आपण उगाच मापून देत होतो.”

बाकीच्या घरांपैकी कोणीच नाव काढलं नाही. ज्यांच्याकडे दोन मोटारसायकली होत्या त्यांनी एक अक्षरांपुढे उभी केली. एकानं वर पक्ष्याचा पिंजरा टांगला, तेव्हा ‘गरीब’ दिसेनासं झालं आणि नुसतं ‘कुटुंब’ उरलं. हे बाईंच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण आपला काढा नेमका कोणाला लागू पडला हा विचार त्यांनी केला नाही. माणूस आपल्या औषधाची फारशी चौकशी करत नाही.

नाव कागदावरून उतरायला वेळ लागतो. पोनिराच्या वाटणीचा तांदूळ त्यानंतरही येतच राहिला.

“हा परत कोण नेणार?” हार्जोंनी विचारलं.

“असू द्या तिथेच. नाहीतरी कुबट आहे,” बू म्हणाल्या, आणि डब्यानं काढून कोंबड्यांना घालू लागल्या.

पोनिरा आता कार्याच्या स्वयंपाकाला सगळ्यांच्या आधी येऊ लागली. कांदे सोलायची, केळीची पानं पुसायची, शेवटी भांडी घासायची. आणि जाताना हळूच विचारायची, “बू, शिळा भात वाळवलेला असेल ना? बदकांना न्यायला हवा होता.”

उरलेला भात सुपात घालून उन्हात वाळवायची आणि तो कोंबड्या-बदकांना घालायची रीत सगळीकडेच आहे. बू मुर्सिया मागेपुढे न बघता टोपलीभर द्यायच्या.

“मदत सोडलीस तर बदकं पाळलीस की नाही? यालाच म्हणतात कष्ट!” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या. “किती आहेत गं?”

“तीन, बू.”

“अंडी घालतात का?”

“अजून लहान आहेत,” पोनिरा म्हणायची आणि टोपलीवर फडकं टाकायची.

मग बू मुर्सियांच्या सुनेचं डोहाळजेवण आलं. घरचंच कार्य. प्रत्येक पाहुण्याच्या पुडक्यात खारवलेलं बदकाचं अंडं हवंच. खारवायला पंधरवडा लागतो. बाजारातली अंडी कशाला, आपल्याच गल्लीतल्या कष्टाळू बाईला चार पैसे मिळू देत, असा थोर विचार मनात आला आणि बाई दुपारीच पोनिराकडे निघाल्या. थोर विचार मनात असला की त्यांची चाल जरा डुलायची.

भिंतीजवळ आल्यावर त्यांना दिसलं, की चुन्याखालून लाल अक्षरं वर आली आहेत. फिकी, गुलाबी, पण वाचता येतील अशी. बाकावर कोणी नव्हतं. अंगणात ना पाण्याचं डबकं, ना पीस, ना घाण. बदकं आणि अंगण इतकं स्वच्छ? बाईंना कौतुक वाटलं.

“पोनिरा, अगं बदकं कुठे आहेत तुझी?” म्हणत त्या सवयीनं थेट स्वयंपाकघरात शिरल्या.

चुलीवरून नुकतंच काही उतरवलं होतं. चटईवर तिघं बसली होती. मध्ये ताटात वाफाळता भात. तपकिरी, गाठी गाठी झालेला, वर खवलेलं खोबरं आणि मीठ. त्यात मधूनमधून पिवळी शितं होती. पिवळा भात गल्लीत शेवटचा झाला होता तो बाईंच्याच हातचा, मागच्या बारशाला.

विजीनं हातातला घास हळूच ताटात परत ठेवला.

पहिल्यांदा बोलला तुगिमान. “या, बू. बदकं आतच आहेत. तिन्ही जेवायलाच बसलीत. अंडी घालत नाहीत, एवढाच काय तो दोष.”

विजी फिसकन हसली आणि आईकडे बघून गप्प झाली. पोनिराचा चेहरा लाल झाला होता, पण ती उठली. जेवणाच्या वेळी दारात आलेल्या माणसाला ‘जेवायला बसा’ म्हटल्याशिवाय तिथे कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. तिनं चौथी बशी घेतली, त्यात भात वाढला, खोबरं जरा जास्त घातलं.

“बसा, बू. घ्या थोडं.”

नाही म्हणणं म्हणजे त्या भाताला नाव ठेवणं. बू मुर्सिया बसल्या. शंभर पानांचं रांधून उठणाऱ्या बाईला ते चार घास संपेनात. भात रबरासारखा होता, उन्हाचा वास येत होता. दाताखाली लवंगेचा तुकडा आला. लवंग त्यांचीच. इतका ओळखीचा पदार्थ त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता.

“चव आहे हो,” त्या म्हणाल्या.

“असणारच,” तुगिमान म्हणाला. “हात कोणाचा!”

तो टोमणा होता की कौतुक, हे बाईंना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. अंड्यांचा विषय तर निघालाच नाही. उठताना त्या पोनिराला एवढंच म्हणाल्या, “नाव परत घालायला सांगू का यांना?”

“मग भिंत परत रंगवतील, बू.” पोनिरानं बशी उचलली. “शाळेत पोरं विजीला भिंतीवरचं म्हणून दाखवतात. भूक घरात राहते. भिंतीवरचं गावभर फिरतं.”

बू घरी आल्या. त्यांना बघताच कोंबड्या पायांत घोटाळल्या. रोजचीच वेळ होती. गुबगुबीत, चकचकीत पिसांच्या, पोनिराच्या तांदळावर माजलेल्या. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कोंबड्यांपुढे मान खाली घातली. ‘माझ्या गल्लीत कोणी उपाशी निजत नाही’ हे वाक्य त्यांच्या मनात आलं आणि त्यांना कान बंद करावेसे वाटले.

“अहो, पोत्यात किती तांदूळ राहिलाय?”

“अर्धा असेल. का?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या. नवऱ्याला सांगायचीसुद्धा लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी तांदूळ पाखडला, खडे वेचले आणि टोपली घेऊन स्वतः गेल्या. चुन्याखालच्या अक्षरांपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. चार घरं ऐकतील असा त्यांचा आवाज, तो आज दारापर्यंतही पोचेना. पोनिराच बाहेर आली.

काय म्हणावं? घे गं, तुझाच आहे, माझ्या कोंबड्यांकडून उरलाय? बाईंनी टोपली पुढे केली.

“बदकांसाठी,” त्या म्हणाल्या.

पोनिरानं फडकं वर करून पाहिलं. तांदूळ ओळखला असावा. महिन्याच्या महिन्याला तोच तर ती घरी नेत होती. बराच वेळ तिनं टोपली घेतली नाही. मग घेतली.

“चांगल्या खाण्याची सवय लागेल हो त्यांना,” ती म्हणाली. हसली नाही.

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी बू मुर्सियांच्या परसात सगळ्या बायका जमल्या. पोनिरा विहिरीपाशी पानं धूत होती. अंडी बाजारातून आलेली पाहून एकीनं विषय काढलाच.

“बू, पोनिराकडची का नाही घेतली? का बदकं नुसती सांगायचीच आहेत? मी तर कधी एक पाहिलं नाही.”

डाव रश्शात थांबला. विहिरीपाशी पाण्याचा आवाजही थांबला. ‘नाहीत’ म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत पोनिराचं ताट गावभर फिरलं असतं. ‘चुकलं माझं’ म्हणायचं धैर्य बाईंना शोधूनही सापडेना.

“आहेत ना,” त्या म्हणाल्या. “तीन आहेत. मी पाहिलीत.”

“मग अंडी?”

“घालत नाहीत.”

“अगं बाई! अंडी नाहीत, काही नाही, आणि नुसतं बसून खायचं? असल्या फुकट्यांना कशाला पोसायचं, बू?”

बायका खो खो हसल्या. वाक्य बाईंचंच होतं, त्यांच्याच चुलीपाशी शिकलेलं. आजवर त्यांनी यावर आणखी एक फोडणी घातली असती. आज त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भाताचं झाकण काढण्याची वेळ झाली होती. सगळ्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, कारण झाकणाबरोबर ते ठरलेलं वाक्य यायचं होतं.

झाकण निघालं. नुसती वाफच बाहेर आली.

“बू?”

“खाऊ देत,” बू मुर्सिया वाफेआडून म्हणाल्या. मग पहिल्याच वाफेचा ताजा भात त्यांनी टोपलीत काढला, त्यावर केळीचं पान घातलं, आणि टोपली विहिरीच्या बाजूला, पोनिराचा हात पोचेल अशी ठेवली. तिच्याकडे बघायचं मात्र त्यांना जमलं नाही.