साय न धरलेलं दूध

संयोगिताची बाळंतपणाची रजा संपली त्या सकाळी मी तिला न्यायला शियेला, तिच्या घरी गेले. आम्ही दोघी शिरोली एमआयडीसीत एकाच फाउंड्रीत कामाला. ती लॅबमध्ये, मी ऑफिसात. माझ्या गाडीवरून जायचं ठरलं होतं.

तिच्या सासरी दोन म्हशी आहेत. दूध डेअरीला जातं. त्या घरात तिने महिनाभर पंपाने स्वतःचं दूध काढलं आणि पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये रचलं. ती कामावर असताना तिच्या लेकीला, राजनंदिनीला, तेच मिळावं म्हणून. पंपाचा आवाज आला की नवरा, आदर्श, बाहेरून म्हणायचा, "आई, तिसऱ्या म्हशीची धार चालू झाली ग." सगळे हसायचे. मला तिने हे हसतच सांगितलं होतं.

मी आत गेले तर करपल्याचा वास येत होता. गॅसवर पातेलं. ओट्यावर रिकाम्या पिशव्यांचा ढीग. सासूबाई, बनाबाई, दूध ढवळत होत्या. संयोगिता फ्रीजरचं दार धरून उभी होती. आत काहीच नव्हतं.

"आत्ती, हे काय केलंसा?"

"तापवलं. पहाटंच काढून ठेवलंतं वितळायला. किती दीस कच्चंच ठेवलंयस, नासलं असतं की सगळं."

"एकेक पिशवी कोमट पाण्यात धरा म्हटलेलं मी."

"कोमटानं काय हुतंय? कच्चं दूध पाजतंय व्हय कोण पोरीला?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्या घरात दूध आधी तापतं, मग फ्रीजमध्ये जातं. सुनेचं राहिलेलं काम त्यांनी उरकलं होतं.

संयोगिताने चमचाभर गार करून लेकीच्या तोंडाला लावलं. राजनंदिनीने जिभेने बाहेर ढकललं. पुन्हा लावलं. पुन्हा ढकललं.

बनाबाई पातेल्यात वाकून बघत होत्या. "साय बी धरली न्हाय ग. पाणीच हाय. डेअरीत घातलं असतं तर फॅटच लागलं नसतं." मग मऊ आवाजात म्हणाल्या, "जा तू. म्हशीचं पाजते पाणी घालून. आदर्श त्याच्यावरच वाढलाय."

"आजचा दिवस थांब," मी म्हटलं.

"आज नाही आलीस तर येऊच नको म्हणालेत कंपनीत." ती पर्स शोधत होती.

कंपनीत पोचल्यावर तिने सुपरवायझरना विचारलं, कॅन्टीनच्या फ्रीजात थोडं दूध ठेवलं तर चालेल का. "तिथं लोकांचे डबे असतात, मॅडम," ते म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ती बाथरूममध्ये गेली. मी बाहेर उभी राहिले. आधी पंपाचा आवाज आला, मग नळाचा.

"ओतलं," बाहेर येऊन ती म्हणाली. "ताजं होतं."



संध्याकाळी तिला घरी सोडलं. राजनंदिनी आजीच्या मांडीवर गाढ झोपली होती. शेजारीण बसली होती. बनाबाई तिला सांगत होत्या, "म्हशीचं प्याली आन् झोपली बघ. हिच्या दुधात दमच न्हाय. म्हणून रडायची पोर."

संयोगिता लेकीला घ्यायला वाकली.

"उठवू नको ग. आत्ताच डोळा लागलाय."

तिच्या कुर्त्यावर पुढे दोन ओले डाग होते. ओढणी पुढे घेऊन ती आत गेली. मोरीत करपलेलं पातेलं भिजत ठेवलं होतं, तिच्यासाठी. तिने घासणी घेतली आणि खाली बसली.