हात त्यांचा दुखतो ना?

लहानपणी पोलिओ झाला आणि माझा डावा पाय गेला. तोंड मात्र शाबूत आहे, जरा जास्तच चालतं असं वहिनीचं मत. तरी डॉक्टर लोक माझ्याविषयी कायम माझ्या भावाशीच बोलत आले.

मागच्या पावसाळ्यात माझ्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची कोवळी रोपं, उपटून त्यांच्या जुड्या बांधायच्या, हे माझं काम. ते चिखलात बसूनच करतात, त्यामुळे तिथे कोणाचा पाय कसा आहे हे कुणी बघत नाही. त्या कामात मी कुणाला हार गेलेली नाही. पण त्या वर्षी माझ्या जुड्या रोवणाऱ्या बायकांच्या हातात पडेपर्यंत सुटू लागल्या. हातही गेला तर मी घरात नुसती बसून खाणारी होणार होते. त्या धास्तीने माझी झोप उडाली.

भावाने मला गाडीवर बसवून एका खाजगी डॉक्टरकडे नेलं.

"हिला काय होतंय?" त्यांनी भावाला विचारलं. मी सांगायला लागले, तर त्यांची नजर माझ्या पायावर. "पोलिओची केस आहे. हे असंच चालायचं. घरी बसवा हिला."

मला भयंकर राग आला, तरी मी उजव्या काखेत कुबडी घेऊन भावाच्या मागे बाहेर आले.

दिवाळीनंतर लाखांदूरच्या सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्याचं कळलं. आम्ही दोघं दिघोरीहून एसटीने गेलो.

"ताई, काय त्रास होतो?" बाईंनी विचारलं.

गंमत बघा, मी सवयीने भावाकडे बघितलं आणि त्याने सवयीने तोंड उघडलं.

"दादा, हात त्यांचा दुखतो ना?"

भाऊ ओशाळला. "हो मॅडम. तिलेच माहीत. मी कायले सांगू?"

मग मीच सगळं सांगितलं. बाईंनी मला खोलीभर चालायला लावलं. त्या बघत होत्या ते माझ्या कुबडीकडे. शिबिरात मिळालेली ती कुबडी कुणी मापून दिलीच नव्हती. काखेत टोचते म्हणून वहिनी दरवर्षी तिच्यावर जुन्या लुगड्याची आणखी एक घडी गुंडाळायची. मायेने गुंडाळायची, आणि कुबडी तेवढीच उंच व्हायची.

"काखेतली नस दाबली जातेय," बाई म्हणाल्या. "इथे तीन बोटं जागा हवी. भार हातावर घ्यायचा." पाना मागवून त्यांनी कुबडी दोन भोकं खाली करवली आणि चिंध्या काढायला लावल्या.

एसटीत भाऊ म्हणाला, "इतके वर्ष मीच बोलत रायलो. तू काहून टोकलं नाही?"

"तू आयकलं असतं का?" मी म्हटलं.

दोन महिन्यांनी मी एकटीच गेले. बाईंनी आपली दोन बोटं पुढे केली. "दाबा बघू."

पुढच्या हंगामात जुड्या बांधता येणार की नाही, ते आता कळणार होतं. मी होता नव्हता तेवढा जोर लावला.

"सोडा आता, ताई," बाई हसून म्हणाल्या, "ह्याच बोटांनी मला अजून बाहेरची पेशंटची लाईन तपासायची आहे."