पेव उघडायला एक दिवस लागतो

वैशाखातला सोमवार, तीस पल्ले, म्हणजे नव्वद मण, ज्वारीचे गावकीचे पेव, आणि त्याच्या तोंडाशी उभे असलेले पाटील, चार पंच, माझा जमादार व मी, चौकीचा अमीन म्हणजे फौजदार. हा तपास इतक्या वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांपुढे आहे.

हैदराबादेत पोलीस अ‍ॅक्शन होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. औरादच्या बाजूला सलग दुसऱ्या साली पाऊस हुकला होता. त्या गावात सुगीला प्रत्येक घर आपापले माप जमिनीखालच्या पेवात टाकी. पंचांनी एकमताने दुष्काळ ठरवला तरच ते उघडायचे, असा रिवाज. पाटील चौकीत वर्दी घेऊन आले, ‘तोंडावरची माती नवी दिसायलीय.’

फरशी हटवताच एक गडी दोर धरून उतरू लागला. तेवढ्यात पेवाशेजारी झोपडीत राहणारा राखणदार ओरडला, “थांब! कंदील सोड आधी!” कंदील चार हात खाली गेला आणि विझला. बंद पेवातली कोंदट हवा माणसाचा जीव घेते, हे मला तेव्हा कळले. तोंड दिवसभर उघडे ठेवून दुसऱ्या दिवशी मोजणी केली. सतरा पल्ले भरले. तेरा कमी.

“राखणदारानंच खाल्लंय, अमीनसाब,” पाटील म्हणाले. “त्याची राखणीची सालाची ज्वारी मी आजपासून बंद केली.”

जमादार पाटलांना म्हणाला, “अप्पा, तेरा पल्ले खाऊन माणूस असा काडीवानी ऱ्हातो व्हय?”

राखणदाराला चावडीत बसवले. चोरी शाबीत झाली तर तुरुंग, आणि पेवाशेजारची झोपडीही जाणार होती.

“कामून गप बसलायस?” मी विचारले.

“काय बोलू साहेब? चोरी झाली न्हाई.”

“मग ज्वारी कुठं गेली?”

“पोटात.”

“कुणाच्या?”

तो भिंतीकडे तोंड करून बसला.

मी पंचनामा पुन्हा वाचला. चोराला घाई असते, पण पेवाला घाई चालत नाही. ज्याने कुणी ते उघडले, त्याने तोंड दिवसभर उघडे टाकले असणार, तेही गावाच्या मधोमध. मग पंचांना दिसले कसे नाही? चौकशीत कळले की महिन्यापूर्वी पाटलांच्या घरच्या लग्नाला सगळी मोठी घरे गाड्या जुंपून तीन दिवस बसवकल्याणला गेली होती. मागे राहिली ती बैल विकून बसलेली घरे.

मी त्यांच्या आळीत गेलो. एक अक्का भाकरी थापत होती. पेवातल्या ज्वारीला आंबूस वास असतो, तो दारातच आला.

“बसा साहेब, खाऊन बघा. नाक मुरडू नका तेवढं.”

“ही पेवातली ज्वारी आहे, अक्का.”

“व्हय. आमी चौदा घरं. आमचं बी माप पडलंय त्यात.”

“पंचांना कामून सांगितलं न्हाई?”

“दोनदा सांगितलं. म्हनले, अजून दुष्काळ न्हाई. त्यांच्या कणगीत नव्हता, साहेब. आमच्या घरी तर माघातच आला. लेकरं घिऊन गुलबर्ग्याकडं निघालो होतो, राखणदार अण्णानं आडवलं. म्हनला, गाव सोडू नका, पेव उघडतो. कुणाचं नाव घ्यायचं न्हाई म्हून त्यानंच शपथ घातली.”

राखणदार तुरुंगात जाऊ नये म्हणून तिने ते चावडीत सर्वांसमोर सांगितले. मग पाटलांनीच चौदा घरांनी टाकलेल्या मापांची बेरीज करायला लावली. ती अकरा पल्ले निघाली. जादा गेले होते दोनच. फिर्याद मागे घेतली गेली आणि त्या आळीचा एक माणूस पंचांत बसू लागला.

पाऊस पडला नाही की दुष्काळ, असे मी कागदावर लिहीत आलो होतो. त्या गावाने मला वेगळे शिकवले. दुष्काळ एकेका घरात वेगवेगळ्या दिवशी शिरतो, आणि धान्य कधी काढायचे हे बहुधा तो ज्यांच्याकडे सर्वांत शेवटी पोचतो तेच ठरवतात. साठवण कितीची, हे मी नंतरही विचारीत असे. पण ती उघडायचे कोण ठरवतो, हे आधी विचारू लागलो.

पुढच्या सुगीला चौदा घरांनी दोन पल्ले पेवात परत टाकले. राखणदाराची अडवलेली सालाची अर्धा पल्ला ज्वारी पाटलांनी आपल्या कणगीतून काढली, आणि चावडीपुढे त्याच्या पदरात मोजून घातली.