भाता थांबल्यावर

आमच्या गल्लीच्या टोकाला लोहाराची शेड होती. लोहार गेला तेव्हा त्याच्या बायकोचं वय पंचावन्न. त्यातली एकतीस वर्षं तिनं भाता ओढला होता, हातोडा मात्र एकदाही उचलला नव्हता. आग तिची, लोखंड त्याचं, अशी दोघांची वाटणी. मी तिला वहिनी म्हणायचो. मी कारखान्यात फिटर, म्हणून ती मला फिटरभाऊ म्हणायची.

वहिनी कमी बोलायची. एकदा चारचौघांत लोहार म्हणाला की काम मी करतो, ही नुसती दोरी ओढते. दुसऱ्या दिवशी ती दारात भाजी निवडत बसली. दुपारपर्यंत लोहार गार भट्टीपुढं हात चोळत बसला होता. पुन्हा तो तसं बोलला नाही.

शेड दोन भावांची सामाईक. लोहाराचा धाकटा भाऊ सुतार. त्याचं लाकूड उघड्यावर पडून वाकत होतं, त्याला जागा हवी होती. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. लोहाराला जाऊन महिना झाल्यावर तो आला. मी माझ्या दोन छिन्न्या परत न्यायला तिथंच उभा होतो. सुतार म्हणाला की शनिवारी भंगारवाला गाडी घेऊन येतोय, ऐरण आणि भाता नेईल. वहिनी म्हणाली की भट्टी मी चालवणार.

"वहिनी, भाता ओढणं वेगळं आणि घडवणं वेगळं."

"मग काय घडवून दाखवू ते सांगा, भावजी."

सुतारानं खिशातून आपला बाजारचा स्क्रूड्रायव्हर काढला. टोक झिजून गोल झालं होतं. म्हणाला, "असा एक करा. माझ्या हातात दिवसभर टिकला, तर मी शेडचं नाव काढणार नाही."

त्याला वाटलं, सोपं सांगितलं. दिसायला आहेच काय त्यात? एक सळई, एक चपटं टोक. पण टोक मऊ राहिलं तर पिळलं जातं आणि फार कडक झालं तर तुटतं. मधली जागा नखाएवढी असते. शनिवारला पाच दिवस होते.

पहिल्या दिवशी तिनं खिडकीचा जुना गज घेतला. एका हातानं भाता, मग सांडशी, मग हातोडा, सगळं एकटीनं. ऐरणीशी पोचेपर्यंत लोखंड निम्मं निवायचं. संध्याकाळी कामावरून येताना मी डोकावलो. पात्यावर हातोड्याच्या कडेच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या. तिनं ते शिकंज्यात धरून पिळलं. धुणं पिळावं तसं ते पिळलं गेलं. साधं लोखंड, दुसरं काय होणार?

"हे पोलाद नाही," एवढंच ती म्हणाली आणि गज कोपऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्कूटरची मोडकी स्प्रिंग शोधून काढली. नुसता वेढा सरळ करायलाच दुपार झाली. मनगट सुजलं. त्याला ओलं फडकं बांधून तिनं पातं काढलं, बुधवारी कानशीनं घासून सारखं केलं, लाल करून पाण्यात बुडवलं. आवाज बरोबर झाला. लोहार असाच बुडवायचा. पण शिकंज्यात पहिल्याच जोराला पातं काच तडकावी तसं तुटलं. तिनं तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. विचारलं काही नाही.

तिचं काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. आयतं सांगितलेलं हाताला लागत नाही, असं मी तेव्हा मानायचो. आज विचाराल तर तिचं सुजलेलं मनगट पाहून मी बोलायला हवं होतं. पण बोललो नाही हे खरं आहे.

गुरुवारी गेलो तेव्हा भट्टी विझलेली होती. वहिनी ऐरणीपुढं उभी राहून रिकाम्या हातांनी लोहाराची एकेक हालचाल करून बघत होती. उचललं, ठोकलं, बुडवलं. तिथं येऊन हात थांबायचे. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ती पाण्याच्या पिंपाच्या काठावर टेकली.

"हे 'भाता थांबव' म्हणायचे. भाता थांबला की मी उठून घरात जायचे, चुलीवरचं बघायला. परत यायचे तर हत्यार तयार. इतकी वर्षं, फिटरभाऊ. शेवटचा भाग मी पाहिलेलाच नाही."

तिनं पिंपाशेजारून विटेचा एक तुकडा उचलला. एका बाजूनं तो झिजून गुळगुळीत झाला होता.

"याचं काय करायचे ते?"

प्रश्न नेमका होता. मग मी सांगितलं. सगळं बुडवायचं नाही, फक्त टोक. बाहेर काढून विटेनं काळी खपली घासायची, पोलाद उघडं करायचं. मागच्या भागातली धग टोकाकडं सरकते आणि तिच्याबरोबर रंग सरकतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. स्क्रूड्रायव्हरला जांभळा सरून निळा येताना पुन्हा पाण्यात.

शुक्रवारी तिनं नवं पातं घडवलं. चंद्रकोरी या वेळी कमी होत्या. पहिल्यांदा रंग तिला सापडलेच नाहीत, बघेपर्यंत पातं करडं पडलं. तिनं शिवी दिली नाही की कपाळाला हात लावला नाही. पुन्हा तापवलं. दुसऱ्या वेळी ती इतकी वाकली की पदराचं टोक पिंपात भिजत राहिलं. कडेला निळा दिसला आणि तिनं बुडवलं. मागचं टोक तापवून जुन्या कानशीच्या मुठीत ठोकून बसवलं.

शनिवारी सुतारानं एक जुना दरवाजा शेडपुढं आडवा टाकला. तीन बिजागऱ्या, बारा स्क्रू, वर रंगाचे चार थर. भंगारवाल्याची गाडी येऊन उभी होती. त्यानं बिडी पेटवली आणि लवकर उरका म्हणाला.

सुतारानं हात राखला नाही, हे सांगायला हवं. प्रत्येक खाचेत पातं रोवून त्यानं छातीचा भार टाकला. अकरा स्क्रू निघाले. बाराव्याला त्यानं दोन्ही हात लावले, मानेच्या शिरा फुगल्या, आणि कट्कन आवाज झाला. वहिनीनं डोळे मिटले. तुटलं होतं ते स्क्रूचं डोकं.

सुतारानं पात्यावरून अंगठा फिरवला. मग दरवाजा पाठीवर घेऊन कामावर गेला, स्क्रूड्रायव्हर घेऊन. दिवसभर म्हणजे दिवसभर. भंगारवाल्याला मात्र त्यानं जाताना परत पाठवलं.

संध्याकाळी येऊन त्यानं हत्यार ऐरणीवर ठेवलं. टोक शाबूत होतं. शब्द तो पाळणार होता, पण चेहरा उतरलेला होता.

"भट्टी तुमची, वहिनी. पण माझं लाकूड कुठं ठेवू?"

वहिनीनं शेडवरून नजर फिरवली. मग भात्यामागच्या भिंतीशी गेली. तिची बसायची फळी तिथं होती. ती तिनं उचलून बाहेर ठेवली.

"इथं लावा. इथवर ठिणगी येत नाही. मला माहीत आहे."